यंत्राचा तांब्या

२००९ सालचा मे महिना. कराडात आमच्या दुकानामागच्या घरात, संडासाच्या दाराशी मी आणि माझी नणंद उभ्या होतो आणि बाबालाल मुल्ला फरशीवर गुडघे टेकून कमोडला नवीन सीट बसवत होता. सीट कसली, यंत्रच ते. त्याला विजेची वायर होती, पाण्याची वेगळी नळी होती, बारीक जाळीचं गाळणं होतं आणि भिंतीवर लावायची बटणांची एक पट्टी होती, टीव्हीच्या रिमोटसारखी, सेलवर चालणारी. बाबालाल नळाची आणि विजेची दोन्ही कामं करायचा, पण असलं काही त्याच्याही हाती पहिल्यांदाच आलं होतं. माहितीपुस्तकातली चित्रं तो उलटीसुलटी करून बघत होता.

"वहिनी, माणूस बसला तरच चालतं म्हणे हे," तो म्हणाला. "नुसतं बटण दाबलं तर ढिम्म."

"मग चालतंय की नाही हे कळणार कसं?"

त्याने जरा विचार केला, एक तळहात सीटवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. बोटाएवढी पांढरी नळी सरकत बाहेर आली, क्षणभर थांबली आणि तिच्यातून जी चिळकांडी उडाली ती बाबालालच्या कानावरून थेट वन्संच्या लुगड्यावर.

वन्सं म्हणजे अंबूताई, माझ्या यजमानांची थोरली बहीण. यजमानांचं नाव अच्युतराव, पण मी जन्मभर त्यांना 'हे' म्हटलं, आता बदलवत नाही. ह्यांची आई लवकर गेली. ह्यांना न्हाऊमाखू घालून, हाताला धरून वाढवलं ते वन्संनी. पुढे लग्न झालं, ऐन तिशीत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या त्या आमच्याकडेच राहिल्या. सोवळं कडक. ऐंशीच्या घरात आल्या तरी संडासाकडे जायचं लुगडं वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं.

त्यांनी निऱ्यांवरचं पाणी निरखलं.

"कोमट आहे," एवढंच म्हणाल्या. मग, "आता मला पुन्हा अंघोळ."

अंघोळ करून आल्या त्या आणखी हातभर लांब उभ्या राहिल्या. तोवर बाबालालने अर्थिंगची तार मागच्या परसात पुरून ओल्या मातीने झाकली होती आणि ती बटणांची पट्टी कुठे लावावी हे बघत होता. नळाच्या वर, उजव्या भिंतीवर त्याने ती धरून बघितली.

"तिकडे नको रे," वन्सं लांबूनच म्हणाल्या. "डावीकडे लाव. ते काम डाव्या हाताचं."

"खरंच की," बाबालाल म्हणाला. मीही मान हलवली. त्याने डाव्या भिंतीच्या टाइलला ड्रिलने दोन छिद्रं पाडली आणि पट्टी स्क्रूने घट्ट बसवली.

हे आतल्या खोलीत पलंगावर पडून सगळं ऐकत होते. आवाज थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, झालं.

होळीच्या आसपास ह्यांना झटका आला होता. वाचा शाबूत राहिली, समज शाबूत राहिली, पण डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन, मला धरून घरातल्या घरात चालू लागले. हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, उजवा वाचला. मी जरा आडून विचारलं, संडासला गेल्यावर काय करायचं. डॉक्टर पुण्यात शिकून आलेला तरुण मुलगा. म्हणाला, उजव्या हाताने धुवायला शिका, साबण लावला की झालं. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "ह्या हाताने मी लोणचं कालवतो."

आमचं दुकान लोणच्याचं. मेतकूट, सांडगे, पापड सगळं होतं, पण लोक यायचे ते कैरीच्या लोणच्याला. ते ह्यांच्या वडिलांनी हाताने कालवलं आणि त्यांच्यानंतर ह्यांनी. मोठ्या लाकडी काथवटीत फोडी, मसाला, गार केलेली फोडणी, आणि त्यात कोपरापर्यंत उजवा हात. पळी नाही, डाव नाही. हाताला मीठ कळतं असं हे म्हणायचे. लोणच्याला जरा वावगा हात लागला की ते नासतं हे तर आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. ज्या हाताने ते काम, तो हात काथवटीत जाणार नाही, हे ह्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की त्यावर बोलणंही झालं नाही.

मग ते मी करू लागले. बायकोच मी, मला त्यात काही वाटत नव्हतं. पण ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि नंतर कितीतरी वेळ माझ्याकडे बघायचे नाहीत. आणि जेवण कमी झालं. आधी भाकरी अर्धी झाली, मग चतकोर, मग आमटीभात दोन घास. चहा नको, फळ नको. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, मनाला लागलंय, होईल हळूहळू. मी रोज काहीतरी आवडीचं करायची आणि ते तसंच झाकून ठेवायची.

आमची मुलगी केतकी पुण्याला नोकरीला. तिला फोनवर हे सगळं सांगताना मी रडले असेन. ती म्हणाली, "आई, बाबा जेवत नाहीत म्हणून जावं लागत नाही, की जावं लागू नये म्हणून जेवत नाहीत?"

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले.

तिच्या ऑफिसातलं कोणीतरी सिंगापूरहून येणार होतं. त्यांच्याकरवी तिने ते यंत्र मागवलं आणि पार्सल करून धाडलं. बटण दाबलं की धुतं, दुसरं दाबलं की गरम हवेने वाळवतं. कोणाचा हात लागायला नको. पार्सल आल्या दिवशी ह्यांनी खोका कॉटजवळ ठेवून घेतला आणि त्यावरचं चित्र पुष्कळ वेळ बघितलं. रात्री भात मागून घेतला, थोडासाच. मला तेवढ्यानेही झोप लागली.

म्हणजे आता सगळं त्या यंत्रावर होतं. ते चाललं तर हे जेवणार. आणि त्याच आठवड्यात पाटणकडच्या कैऱ्या आल्या. मधल्या खोलीत गोणपाटावर ढीग पडला, वर ओलं फडकं. कैरी थांबत नाही. पाड लागला की लोणच्याला उपयोग नाही. मी येता-जाता फडक्याखाली हात घालून एखादी दाबून बघायची. स्वयंपाकघरातून कैऱ्यांपाशी, कैऱ्यांपासून संडासाच्या दारापाशी, तिथून परत. वन्सं म्हणाल्याही, "शालन, एका जागी बस गं. तुझ्याकडे बघून मला भोवळ येते."

यंत्र बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे आत गेले. मी त्यांना बसवून बाहेर आले, दार लोटून घेतलं. भांडी घासायचं सोडून कानोसा घेत उभी राहिले. आवाज नाही. पुन्हा काही वेळ गेला. आत काठी घसरल्यासारखं खडखडलं. मग हाक आली, "शालन."

मी आत गेले आणि रोजच्यासारखं केलं.

"चालत नाही ते," भिंतीकडे बघत हे म्हणाले.

त्यांना पलंगावर बसवून मी परत गेले. तळहात सीटवर दाबला, बटण दाबलं. नळी आली, पाणी आलं. तेव्हा सकाळ-संध्याकाळ लोडशेडिंग असायचं. म्हटलं, नेमके त्याच वेळी दिवे गेले असतील. ह्यांना विचारलं तर म्हणाले, असेल.

दुसऱ्या दिवशी दिवे होते. मी मुद्दाम पॅसेजमधला बल्ब लावून ठेवला होता, गेले तर कळावं म्हणून. बल्ब चालू आणि आतून हाक. "शालन." ह्या वेळी आवाजात काहीतरी होतं ते मला आवडलं नाही. त्यांच्या डाव्या हाताची बोटं सांध्यांवर सोलवटली होती, बारीक रक्त आलं होतं.

"हे काय झालं?"

"दाराला लागलं असेल."

मी हळद लावली. त्या हाताला वेदना नव्हती, त्यामुळे ते बघतही नव्हते. मला प्रश्न पडला तो एवढाच की हा हात तर मांडीवरून हलत नाही, मग तो दाराला लागला कसा. पण तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी गेले.

त्या दुपारी ह्यांनी ताट परत केलं. ताक घेतलं, तेही अर्धं. म्हणाले, केतकीला सांग, ते यंत्र परत देता आलं तर बघ म्हणावं. आणि कैऱ्या कोणाला तरी देऊन टाक.

वन्संनी ते ऐकलं. "देऊन टाक म्हणे. काय वाण द्यायचंय?" असं पुटपुटत त्या कैऱ्यांकडे गेल्या. पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

माझं डोकं फिरून गेलं होतं. केतकीवर राग, बाबालालवर राग, त्या सिंगापूरवाल्यावर राग. हे दुपारचे जरा डुलकले तशी मी संडासात गेले, कडी लावली आणि लुगड्यासकट त्या सीटवर बसले. काय अडतं ते बघायचं म्हणून. हात वर उचलला, बटणापर्यंत नेला आणि तिथेच थांबले.

मग मी तो हात खाली घेतला. पदराने तो पोटाशी बांधला, गाठ दातांनी ओढली. आणि पुन्हा बसले.

आता पट्टी डाव्या भिंतीवर आणि मोकळा हात उजवा. मी अंगाला पीळ घालून उजवा हात पोटावरून तिकडे न्यायला गेले, तर तोल जाऊन खांदा भिंतीवर आदळला. पायात जोर असलेली मी. ज्यांचा पायही अर्धा, त्यांनी काय करायचं? बाबालाल, वन्सं, मी, तिघं त्या भिंतीकडे बघत होतो. तिघांनाही ते काम डाव्या हाताचं हे आठवलं. ज्याच्यासाठी चाललं होतं त्याचा डावा हात उरला नाही, हे एकालाही आठवलं नाही. आणि हे बोलले नाहीत. आम्ही विसरलो ते आम्हाला सांगायचं कसं, असंच त्यांना वाटलं असणार.

मी तशीच बाहेर येऊन बाबालालला फोन लावला. तो संध्याकाळच्या आत आला, कपाळावर हात मारून घेतला आणि पट्टी काढून उजव्या भिंतीवर नळाच्या वर बसवली. डावीकडची छिद्रं पांढऱ्या सिमेंटने बुजवू का, असं विचारत होता. वन्सं खांबाला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहू देत. मी सांगितलेली आहेत ती."

मला वाटलं, सुटलं. रात्री ह्यांना नुसतं म्हटलं, आता उजवीकडे आहे बरं का. ते म्हणाले, बरं.

सकाळी मी त्यांना बसवलं, पट्टी दाखवली, हे धुवायचं, हे वाळवायचं, हे बंद करायचं. बाहेर आले. पॅसेजमधला बल्ब चालू. पुन्हा तीच शांतता. मी कैऱ्यांपाशी गेले, परत आले. वन्सं सोवळं नेसून कैऱ्या पुसायला बसल्या होत्या. पुसल्याशिवाय चिरायच्या नाहीत आणि सोवळ्याशिवाय पुसायच्या नाहीत ही आमच्याकडची रीत. ढीग जरा पिवळसर दिसायला लागला होता. आज चिरल्या नाहीत तर संपलंच.

"शालन."

मी आत गेले. आता मला रागच आला होता. "अहो, हाताशी तर आहे. दाबायचं फक्त."

ह्यांनी मान खाली घातली. उजवा हात त्यांनी छातीशी धरला होता, लहान मूल खाऊ लपवून धरतं तसा.

"उजवा नको," ते म्हणाले.

माझी नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. हळदीखाली सोलवटलेली बोटं. आणि मला दिसलं ते काय करत होते. पट्टी डावीकडे होती तेव्हा ते तो मेलेला हात उजव्या हाताने मनगटाला धरून उचलत होते, भिंतीपर्यंत नेत होते आणि त्याचीच बोटं बटणावर घासत होते. पुन्हा पुन्हा. ते काम डाव्या हाताचं, ते डाव्यानेच करायचं म्हणून.

"थांबा," मी म्हटलं आणि बाहेर आले. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. वन्संपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं. एवढ्या मोठ्याने की दुकानात ऐकू गेलं असेल. म्हटलं, बटणावर घासून घासून हात सोलवटून घेतलाय, त्यांना उजवा हात बाटेल अशी भीती आहे, आणि त्यासाठी ते उपाशी मरणार आहेत.

वन्संनी हातातली कैरी पुसून पुरी केली. बाजूला ठेवली.

"कुठला हात सोलवटलाय म्हणालीस?"

"डावा."

त्या भिंतीला धरून उठल्या. आणि सोवळ्यात, ओल्या फडक्यासकट, सरळ संडासाच्या दाराकडे निघाल्या. इतक्या वर्षांत सोवळं नेसलेल्या वन्संना त्या बाजूला मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागोमाग गेले. त्यांनी दाराला हात टेकला, तोही आख्खा तळहात.

"अच्या."

आतून आवाज आला. "अक्का, तू कशाला आलीस इकडे?"

"विचारते त्याचं उत्तर दे. परसाकडे जाताना तांब्या कसा धरायचा हे तुला कोणी शिकवलं?"

आत काठी फरशीवर घासली.

"तू."

"कुठल्या हातात धरायला शिकवला?"

"उजव्या."

"त्या हाताने तू जेवलास, देवाला फूल वाहिलंस आणि जन्मभर लोणचं कालवलंस. कधी नासलं?"

"नाही."

"पाणी ओततो तो उजवा. धुतो तो डावा. तुझा डावा आता ते यंत्र आहे, आणि भिंतीवरची पट्टी म्हणजे तांब्या. मी म्हाताऱ्या डोक्याने तांब्या डावीकडे ठेवायला लावला, ते चुकलं. आता ठेवलाय उजवीकडे." वन्संनी खाकरून घेतलं. "उचल बाळा."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी बल्बकडे बघितलं, चालू होता. मग आत टिक झालं. नळी सरकल्याची ती बारीक घरघर, आणि पाण्याचा आवाज. तो पुष्कळ वेळ चालला, जितका लागतो त्याहून जास्त. मग हवेचा.

वन्संनी दारावरचा हात काढून घेतला आणि त्याच्याकडे बघितलं.

"आता मला पुन्हा अंघोळ," त्या म्हणाल्या आणि न्हाणीघराकडे वळल्या. वळताना पदराने डोळे पुसले, तेही सोवळ्याच्या पदराने.

हे काठी टेकत स्वतः दारापर्यंत आले होते. माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं, किती दिवसांनी. म्हणाले, "भात झालाय का? मग कैऱ्या घे चिरायला."

त्या दिवशी त्यांनी तीनदा भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून काथवटीपुढे बसले, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजवा कोपरापर्यंत आत घातला. काही फोडी नरम पडल्या होत्या, मीठ जरा जास्त घातलं. लोणचं पुढच्या कैऱ्यांपर्यंत टिकलं.

हे त्यानंतर आठ वर्षं होते. दर मे महिन्यात कालवायला बसायचे. शेवटच्या वर्षी केतकी शेजारी बसली आणि त्यांनी तिचा हात धरून मसाल्यात घातला, मीठ कळतंय का विचारलं. ती म्हणाली, नाही कळत. ते म्हणाले, कळेल. झोपेतच गेले, अंथरूण स्वच्छ होतं.

वन्सं त्यांच्या आधी गेल्या, ब्याऐंशीव्या वर्षी. यंत्र त्यांनी स्वतः कधी वापरलं नाही. पण त्याची नळी बोअरच्या पाण्याने खरखरीत व्हायची, क्षार धरायचे, तेव्हा दुकानातलं लिंबूसत कोमट पाण्यात कालवून त्याच मला आणून द्यायच्या आणि लांब उभ्या राहून "कोपऱ्यातलं राहिलं गं" असं सांगायच्या. बाबालाल आता विजेची कामं करत नाही, डोळ्यांनी साथ सोडली. ईदला शिरखुर्मा पाठवतो, दिवाळीला मी फराळ पाठवते, आणि कोणी तसली सीट बसवायला काढली की म्हणे आधी विचारतो, बसणाऱ्याचा कुठला हात चालतो. दुकान बंद केलं. केतकी घरापुरतं लोणचं कालवते, पळीने.

मी कराडातच आहे. गुडघे गेल्यापासून आता यंत्र मीच वापरते. सीट मध्ये एकदा बदलली, पण पट्टी तिथेच, नळाच्या वर. डाव्या भिंतीतली दोन छिद्रं तशीच आहेत. नवीन येणारा माणूस त्यांच्याकडे बघतो, विचारत नाही.

परवा केतकीची लेक सुट्टीला आली होती. तिने आतूनच हाक मारली, "आजी, तांब्याचे सेल गेलेत गं."

मी कपाटातून नवे काढले आणि दाराच्या फटीतून तिच्या हातात दिले.